जर्मनीहून पहिल्यांदा घरी जाताय? तिकिटापासून परतीच्या बॅगेपर्यंत

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला येऊन दीड-दोन वर्षं झाली की घरी जायची पहिली मोठी रजा ठरते. इकडे येताना सांगणारे पुष्कळ भेटतात: व्हिसा, आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), आरोग्यविमा, भाड्याची खोली. घरी जाताना मात्र कुणीच काही सांगत नाही, कारण आपल्याच घरी जायला कसली तयारी? पण तयारी लागते. आपल्या सवयी बदलल्यात हे दोन दिवसांत लक्षात येतं. घरही आपल्यामागे बदललंय हे लक्षात यायला जास्त वेळ लागतो, आणि सुट्टीतल्या बहुतेक कुरबुरी तिथूनच सुरू होतात. खालचा क्रम पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं पश्चिम महाराष्ट्रातली आहेत, कारण आमचं घर कऱ्हाडला. विदर्भात किंवा गोव्यात तपशील थोडे बदलतील.

१. तिकीट काढण्याआधी

आधी घरी फोन करा, मग तिकिटांचे दर बघा. आपण बहुतेक उलटं करतो: स्वस्त तिकीट दिसलं की काढतो आणि घरी तारीख कळवतो. मग पोचल्यावर कळतं की वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे, किंवा ऊसतोड चालू असल्यामुळे काकांना घरी बसायला सवड नाही. ‘कधी आलो तर सगळ्यांना बरं पडेल?’ एवढं विचारलं तरी पुढचं बरंच सोपं होतं.

हवामान म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण नाताळच्या सुट्टीमुळे तिकिटं महाग. मे महिन्यात आंबे असतात आणि भाचरंही घरी असतात; उन्हाची तयारी ठेवा. गणपतीत जाणार असाल आणि पुढे कोकणात रेल्वेने जायचं असेल, तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ही मुदत १२० दिवस होती). त्या गाड्या काही मिनिटांत भरतात, म्हणून तारीख लिहून ठेवा.

दुसरं काम म्हणजे स्वतःचं रेसिडेन्स कार्ड काढून त्यावरची मुदत वाचणं. प्रवासातच ते संपत असेल तर आउसलेंडरबेहोर्डेकडे (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे) महिनोन् महिने आधी अर्ज करा. मधल्या काळासाठी जी फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग (तात्पुरती पावती) मिळते, तिच्यावरचं कलम नीट बघा. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ चं ४ थं पोटकलम असेल तर तिच्यावर जर्मनीत परत येता येतं, ३ रं असेल तर येत नाही. ती हातात आहे म्हणजे झालं, असं समजून विमानात बसू नका. लांबची रजा किंवा घरून काम असा बेत असेल तर हेही लक्षात ठेवा, की सलग ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर साधा निवास परवाना आपोआप रद्द होऊ शकतो. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्यांना) १२ महिन्यांची सवलत आहे.

२. महिनाभर आधी: नंबर, खातं, कार्ड

गावाकडच्या चहाच्या टपरीवरही आता क्यूआर कोड चिकटवलेला असतो. जर्मनीत आपण खिशात रोख ठेवायला शिकलेलो असतो, आणि इथे पाचशेची नोट पुढे केली की भाजीवाली विचारते, ‘फोनवरून नाही का देत?’ म्हणून भारतीय मोबाइल नंबर जिवंत हवा. ९० दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते, आणि नंबर गेला की बँकेचा ओटीपी गेला, यूपीआय गेलं. जर्मनीत असतानाच अधूनमधून रिचार्ज करत राहा.

बँकेत आपलं जुनं बचत खातं तसंच पडलेलं असतं. परदेशी राहायला गेल्यावर नियमाप्रमाणे ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. त्याचे कागद आत्ताच मागवून घ्या, म्हणजे घरी गेल्यावर त्यासाठी चकरा मारायला नकोत. जर्मन बँकेचं नुसतं गिरोकार्ड (तिथलं देशांतर्गत डेबिट कार्ड) भारतात चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह असलेलं कार्ड सोबत ठेवा. कपाटात जपून ठेवलेल्या जुन्या नोटाही तपासा. २००० ची नोट मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेतली गेली. ती बाद नाही, पण बँकेची शाखा घेत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूरच्या कार्यालयात जावं लागतं.

३. बॅग भरताना

भेटवस्तूंची यादी आईला विचारून करा. कुणाकडे बाळ झालंय, कुणाला मधुमेह निघालाय, कुणाशी सध्या बोलणं कमी झालंय, हे तिलाच ठाऊक असतं. प्रत्येक पाकिटावर नाव लिहून ठेवा. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी उघडी बॅग, भोवती पाचजण आणि ज्या आत्यासाठी हँडक्रीम आणलं ते तिसऱ्याच्याच हातात.

खाऊ घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. जर्मनीतल्या बहुतेक गमी बेअर्समध्ये जिलेटिन असतं, बऱ्याचदा डुकराचं. ‘Gelatine’ (झेलाटिने) असं लिहिलेलं दिसलं तर ते पाकीट शाकाहारी घरात द्यायचं नाही. कुणाला कळणार नाही म्हणून द्यावं, असं तर मुळीच नको. काही चॉकलेटांत रम किंवा ब्रँडी असते, तीही पाहून घ्या. उन्हाळ्यात चॉकलेट कराडपर्यंत पोचेस्तोवर वितळतं, म्हणून मेमध्ये बिस्किटं, रंगपेटी, चांगली पेनं बरी पडतात.

कस्टम्सचं थोडक्यात सांगते. एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत दागिन्यांची सवलत आहे. बाकी किमतीच्या मर्यादा बदलत असतात, त्या निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहा. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, मित्रासाठीसुद्धा आणू नका. ड्रोनही नको.

४. मुंबईला उतरल्यावर

फ्रँकफर्ट-म्युनिकची विमानं मुंबईत बहुतेक मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. पुढे नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्याचं विमान असेल तरी बॅगा मुंबईतच ताब्यात घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या आणि पुन्हा द्यायच्या. त्यासाठी मधे निदान तीन-चार तास ठेवा, आणि पुढचं विमान टर्मिनल १ वरून आहे की २ वरून, हे आधी पाहून ठेवा.

घरचे न्यायला येतो म्हणाले तर येऊ द्या. जर्मनीत राहून आपल्याला वाटतं, कशाला त्रास, मी येईन माझा माझा. घरी ते वाक्य ‘तुमची गरज नाही’ असं ऐकू जातं. एक मात्र ठाम सांगा: रात्री दीडला उतरून लगेच गाडी हाकत कराड-कोल्हापूर गाठायचं नाही. ड्रायव्हर दिवसभर चालवत आलेला असतो. मुंबईत कुणाकडे तरी चार-पाच तास पाठ टेका आणि उजाडल्यावर निघा. मागच्या सीटवरही पट्टा लावा, कुणी हसलं तरी.

रस्ता ओलांडताना पहिल्या दिवशी कुणाचा तरी हात धरा. हे मी लहान मुलांना उद्देशून म्हणत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबणारच, हे जर्मनीत पायांत इतकं भिनतं की डोक्याने ठरवूनही पाय पुढे जातो. वाहनं डावीकडून चालतात, आधी उजवीकडे बघा.

५. घरातले पहिले दिवस

पहिल्या सकाळी आठच्या आत तीन-चारदा बेल वाजते: दूध, कचऱ्याची गाडी, कामाच्या मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकू. आपण रविवारची शांतता पाळणाऱ्या देशातून आलेलो असतो. दार लावून झोपलं तर ‘बरं नाही का?’ म्हणत कुणीतरी उघडून बघतं. चिडू नका. घरात दार आतून बंद असणं म्हणजे आजारपण किंवा भांडण, असाच अर्थ घेतला जातो. ऑफिसचा फोन असेल तर तसं सांगून दार लावा, मग कुणी येणार नाही.

बारीक गोष्टी विचारून घ्या. गीझरचं बटण बाहेर आहे की आत, किती मिनिटं आधी लावायचं? पालिकेचं पाणी किती वाजता येतं? प्यायचं पाणी कुठल्या नळाचं? जर्मनीत नळाखाली पेला धरायची सवय लागलेली असते, आणि दात घासतानाही हात आपोआप तिकडे जातो. पहिले चार-पाच दिवस गाळलेलं किंवा उकळलेलं पाणीच प्या. बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस आणि कापून ठेवलेली फळं दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून संध्याकाळपुरतं मलम पुरत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपण घर सोडलं त्या दिवशीचं घर डोक्यात घेऊन परत येतो. चहाचा डबा होता त्या फळीवर हात जातो, आणि तिथे आता वडिलांच्या गोळ्यांची पेटी असते, सोम ते रवि असे सात कप्पे असलेली. डबा खाली सरकलेला असतो, कारण आईचा खांदा दुखतो आणि हात वर जात नाही. हे फोनवर कुणी सांगितलेलं नसतं. सोसायटीच्या गेटवर ॲप आलेलं असतं, आईला ते चालवता येतं आणि तुम्हाला येत नाही. आपल्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि धान्याची पोती असतात. हे सगळं आपल्यामागे त्यांनी त्यांच्या सोयीने बसवलंय, आणि ते चालतंय.

म्हणून पहिल्या आठवड्यात घरात काहीही ‘सुधारू’ नका. फ्रीज आवरायचा नाही, जुने डबे टाकायचे नाहीत, ‘हे असं का ठेवलंय?’ विचारायचं नाही. बघा आणि विचारा, ‘हे कुठे ठेवू?’ पाव्हण्याने विचारावं तसं विचारलंत तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात आई स्वतःहून म्हणते, ‘तेवढा माळा बघतोस का?’ तेव्हा माळा बघा.

‘तिकडे असं नसतं’ हे वाक्यही पहिले काही दिवस आवरा. मनात तुलना होणारच. भंगारवाला रद्दी आणि बाटल्या वजनावर घेतो, पैसे हातावर ठेवतो आणि जिना चढून स्वतः येतो. तेव्हा सुपरमार्केटमधल्या, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या फांट मशिनसमोरची रांग आठवते आणि इथलं बरं वाटतं. हॉर्न ऐकून तिथलं बरं वाटतं. दोन्ही खरं आहे. पण ऐकणाऱ्याला प्रत्येक तुलनेत त्याच्या घराचा निकाल ऐकू येतो. कुणी विचारलं तर मात्र मोकळेपणाने सांगा. लोकांना खरंच जाणून घ्यायचं असतं, विशेषतः तिथल्या शेतीबद्दल, शाळांबद्दल आणि म्हातारपणी तिथे कोण बघतं याबद्दल.

६. भेटीगाठी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दमवणारं काम. आईसोबत बसून कागदावर यादी करा. दिवसाला दोन घरं पुरेत, कारण ‘फक्त चहा’ म्हणून गेलं तरी पोहे होणार आणि पोह्यांवर लाडू.

क्रम असा ठेवा. तुम्ही नसताना ज्या घरात कुणी गेलं, तिथे आधी जायचं. व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं असलं तरी समक्ष जायचंच. जाताना मिठाई न्यायची नाही, भेटवस्तूंची पिशवी बरोबर ठेवायची नाही, आणि तिथूनच पुढे लग्नाला जायचंय अशा कपड्यांत जायचं नाही. बसायचं. गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांनी बोलायला सुरुवात केली की ऐकायचं. आजारपणाची हकिकत त्यांनी पन्नास जणांना सांगितलेली असते, तरी तुम्हाला पहिल्यापासून सांगतात, आणि ती मधे न तोडता ऐकणं हेच तुमचं काम. जर्मनीबद्दल त्यांनी विचारलं तरच बोला. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. घराघरातल्या रीती वेगळ्या असतात, म्हणून निघायच्या आधी आईला विचारा. दिवाळीत गेलात तर लक्षात ठेवा, वर्षाच्या आत माणूस गेलेल्या घरी फराळ करत नाहीत; नातेवाईक नेऊन देतात. तो डबा तुम्ही न्या.

मग वयाने मोठे, मग नवं बाळ, नवी सून, नवं घर. जे समारंभ चुकले त्यांचा आहेर आत्ता द्यायचा. किती, हे आईला विचारा, कारण त्या घराने आपल्याकडे काय दिलं होतं ते तिच्या लक्षात असतं. १०१, ५०१ असं वर एक रुपया ठेवून. निघताना घरच्या बाईने हळद-कुंकू लावून ओटी भरली तर घाईत ‘राहू द्या’ म्हणू नका. नारळ आणि ब्लाउजपीस घ्यायला पिशवीत जागा ठेवा. जोडीदार जर्मन असेल तर आदल्या रात्री हे सगळं त्यांना सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही.

नकाराची रीत पुन्हा अंगवळणी पाडावी लागते. जर्मनीत एकदा नको म्हटलं की विषय संपतो. इथे यजमान तीनदा आग्रह करतो, आणि चौथ्यांदा हात ताटावर आडवा धरला की थांबतो. आधीच थोडं वाढून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा घेताना त्यांना बरं वाटतं. पण यातली दुसरी बाजू आपण जास्त विसरतो. मावशी घरी येते, तुम्ही विचारता, ‘चहा घेणार?’ ती म्हणते, ‘नको रे, आत्ताच झाला.’ तुम्ही बरं म्हणून बसून राहता. तिला चहा हवा होता. विचारू नका, आधण ठेवा. पाणी तर न विचारताच आणायचं, तांब्या-भांडं किंवा ट्रेमधून, माणूस टेकल्या टेकल्या.

प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा: पगार, लग्न, मूल, ‘किती वाळलास रे!’ यात चौकशीपेक्षा आपलेपणा जास्त असतो, तरी सगळ्यांची उत्तरं द्यायलाच हवीत असं नाही. पगाराचा युरोतला आकडा सांगू नका. समोरचा मनात रुपये करतो, आणि त्यातून कर, विमा आणि घरभाडं जाऊन काय उरतं ते त्याला दिसत नाही. ‘निम्मं कर-विम्यात आणि भाड्यात जातं, उरलेल्यात नीट भागतं,’ एवढं पुरतं. लग्नाच्या प्रश्नाला ‘ठरलं की पहिला फोन तुम्हाला,’ म्हणावं.

मित्रांबरोबर हॉटेलात गेलात तर वेटरला वेगवेगळं बिल मागू नका. जाल तेव्हा बघा: कुठल्या कंपूत एकजण भरतो आणि पुढच्या वेळी दुसरा, कुठे टेबलावरच यूपीआयने वाटणी होते. हेही तुम्ही गेल्यानंतर बदललेलं असू शकतं.

घरी काम करणाऱ्या मावशींशी ताई-मावशी म्हणूनच बोला. आपली भांडी आपण घासायची सवय लागली असेल तर जरूर घासा. जाताना त्यांना काही द्यायचं मनात असेल तर द्याच, पण किती ते आईशी बोलून. तुम्ही गेल्यावर तो व्यवहार तिला चालवायचा आहे.

७. कागदपत्रांची कामं

ही पहिल्या पंधरवड्यातच उरका, मंगळवार ते गुरुवार, सकाळी. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा, आणि एका कामाला दोन फेऱ्या धरूनच चला. खिडकीवरच्या माणसाशी आधी दोन वाक्यं बरी बोला. तेर्मिन (भेटीची वेळ) घेऊन ठरल्या मिनिटाला समोर बसायची सवय इथे उपयोगी पडत नाही. आई-वडिलांना जर्मनीला बोलवायचं असेल तर हमीपत्र, म्हणजे फरफ्लिख्टुंग्जएर्क्लेरुंग, जर्मनीतल्या कार्यालयातून आधी करून आणा. त्यांच्या पासपोर्टवरचं आणि इतर कागदांवरचं नाव जुळतं का, तेही घरी असताना तपासा.

दातांची कामं आणि चष्मे इथे स्वस्तात आणि लवकर होतात. आई-वडिलांच्या तपासण्या करायच्या असतील तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा. मोठ्या हॉस्पिटलचं पॅकेज परस्पर बुक करून टाकलं की ते घाबरतात.

८. परतीची बॅग

हे घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगा, शेवटच्या रात्री नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतून आणता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड काहीच नाही. हापूसची पेटीही नाही, कारण बहुतेक ताज्या फळांना फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेट घेऊ शकतात म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. हे आधी कळलं नाही तर आई दोन दिवस तूप कढवते आणि ते विमानतळावर टाकावं लागतं. त्याऐवजी तिला गोडा मसाला, मेतकूट, पापड, कुरडया, आमसुलं, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी यांत गुंतवा. लोणचं द्यायचंच असेल तर चेक-इनच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. नवी खरेदी आणि दागिने मिळून ४३० युरोंच्या वर गेलं तर जर्मन कस्टम्सला सांगावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

आणि यादी करतानाच शेवटचा एक अख्खा दिवस कोरा ठेवा, त्यात कुणाकडे जेवण नाही की बाजार नाही. कराड-साताऱ्याकडून निघणाऱ्यांनी विमानाच्या आधी दहा-बारा तास धरून घर सोडावं. पावसाळ्यात खंबाटकी आणि खंडाळा या दोन्ही घाटांत गाड्या तुंबतात. निघताना हातावर दही देतात, तेवढ्यासाठी बूट घालायच्या आधी थांबा.